माश्यांचा वाटा

महाबळेश्वरला गेलेले लोक स्ट्रॉबेरी खाऊन परततात. आम्ही मात्र चैत्रात मांघरला गेलो. २०२२ साली देशातले पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले, ते हेच. परसात यजमान नव्या लाकडी पेटीत सातेरी माश्या बसवीत होते. मुंग्या चढू नयेत म्हणून तिवईचे पाय पाण्याच्या वाट्यांत. जांभूळ फुललेली, शेजारची जुनी पेटी मधाने जड.

"गेल्या साली लोभ धरला," ते म्हणाले. "खालच्या मजल्यावरचाही मध काढला. पावसात फुलं नाहीत. उपाशी माश्या पेटी सोडून गेल्या."

यंदा त्यांनी वरच्याच चौकटी उचलल्या. मी भावात घासाघीस करणार, तोच सौभाग्यवतींनी कोपराने ढोसले. मुकाट्याने पैसे मोजले!