वळचणीला

तापलेल्या कौलांवर पावसाची पहिली सर पडते तेव्हा उठणाऱ्या वासाला नुसता मातीचा वास म्हणून भागत नाही. मातीच्या वासात तृप्ती असते. कौलांच्या वासात आधी धग येते, मग धूर येतो, मग धुरानं काळवंडलेल्या वाशांचा, पोटमाळ्यावरच्या भाताच्या कोंड्याचा, वर्षभर छपराखाली साठून राहिलेल्या साऱ्या स्वयंपाकांचा वास येतो. उचगावच्या आमच्या घरात तो वर्षातून एकदाच यायचा, वळवाच्या पहिल्या पावसात, आणि फार तर पाच मिनिटं टिकायचा. मग आई पातेली, तांबे, पराती घेऊन गळतीखाली मांडत फिरायची, पागोळ्या अंगणात लयीनं वाजू लागायच्या, आणि त्या वाजण्यातच वास विरून जायचा. मी वळचणीला उभी राहून तो जमेल तेवढा आत भरून घ्यायचे.

तोच वास मला जर्मनीत भेटला. काल्फ नावाच्या छोट्या गावात, मे महिन्यातल्या एका शनिवारी.

ट्युबिंगेनला शिकत होते तेव्हाची गोष्ट. आठवडाभर प्रयोगशाळा आणि ग्रंथालय, आणि शुक्रवारी रात्री वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात पाचजणांचं डोकं एका नकाशावर. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याचं एक तिकीट मिळतं. त्यावर पाचजणांनी मिळून साध्या गाड्यांनी दिवसभर राज्यभर कुठंही फिरावं. म्हणून आम्ही पाच. एक कोलंबियाचा, एक तुर्कस्तानची, एक धारवाडचा, एक केरळातल्या तलश्शेरीची, आणि मी. त्या तिकिटानं आम्हाला एकमेकांशी बांधलं होतं, असंच मला अजून वाटतं. एखाद्याला ताप आला तर सहल पुढं ढकलायची, चौघांनी जायचं नाही.

खरं तर सहल हा शब्द मला लहानपणी उलट्या बाजूनं माहीत होता. आमच्याच गावाला लोक यायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी मळेकरणी देवीच्या आमराईत बेळगावातून, खेड्यापाड्यांतून माणसं उतरायची, झाडाझाडाखाली तीन दगडांच्या चुली पेटायच्या, मोठमोठी पातेली चढायची, आणि दुपारपर्यंत मसाल्याचा घमघमाट शिवारावर पसरलेला असायचा. आम्ही पोरं रताळ्याच्या बांधावर बसून ती परकी, आनंदी माणसं बघत राहायचो. कुठून आली असतील, घरी गेल्यावर काय सांगतील. काल्फच्या स्टेशनवर पाठीवर पिशव्या अडकवून आम्ही पाचजण उतरलो आणि फलाटावरच्या बाकावरून एक लहान मुलगी आमच्याकडं टक लावून बघू लागली, तेव्हा मला बांधावरची मी दिसले. मी तिला हात केला. तिनंही केला.

काल्फला जायचा हट्ट तलश्शेरीच्या मैत्रिणीचा. हेर्मान हेस तिथला, १८७७ चा जन्म, ज्यानं पुढं ‘सिद्धार्थ’ लिहिली. पण ती हेससाठी आलीच नव्हती. ती आली होती त्याच्या आजोबांसाठी. हेर्मान गुंडर्ट बासेल मिशनकडून मलबारात गेले, वीस वर्षांवर राहिले, मल्याळमचं व्याकरण लिहिलं, १८७२ मध्ये कोश छापला. आणि त्यांची मुलगी मारी, म्हणजे हेसची आई, जन्मली ती तलश्शेरीला, १८४२ मध्ये. पुढं गुंडर्ट जर्मनीला परतले, काल्फला राहिले आणि १८९३ मध्ये तिथंच गेले. “आमच्या गावचे आजोबा,” असं ती म्हणाली, आणि गाडी होर्बला बदलल्यापासून तिचं बोलणं थांबेना. धारवाडचा मित्र मग किटेलवर आला. फेर्डिनांड किटेल, कन्नडचा तो अजस्र कोश करणारा, १८९४ चा. तो तर आमच्या ट्युबिंगेनमध्येच वारला, १९०३ साली. मी खिडकीतून नागोल्ड नदी बघत होते. दोन्ही काठांवर ब्लॅक फॉरेस्टचं काळं रान दाटत चाललं होतं, आणि मला वेंगुर्ला रस्ता आठवत होता. तुरमुरी, बाची, मग शिनोळी, तिथं पाटीवरचं राज्य बदलतं, आणि तिलारीकडं जाता जाता झाडी अशीच अंगावर येऊ लागते.

दुपारभर ऊन होतं. नागोल्डवरच्या जुन्या दगडी पुलावर हेसचा ब्राँझचा पुतळा उभा आहे, चालता चालता थांबल्यासारखा, पुलाच्या मध्यावर इवलंसं देऊळ असावं तसं चॅपेल. पुलाच्या कठड्यावर बसून आम्ही चपात्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. आणि मग, आपल्याकडं वळीव येतो तसा, डोंगरामागून काळोख उठला.

धावत आम्ही एका लाकडी पट्ट्यांच्या जुन्या घराच्या वळचणीला शिरलो. वर लाल कौलं. आपल्या मंगळुरी कौलांसारखी खोबणीची नव्हेत. चपटी, खाली गोल, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक. पहिले थेंब पडले. चर्र झालं. आणि तो वास आला.

मी डोळे मिटले. शेजारी धारवाडकरानं छाती भरून श्वास घेतला आणि एकच शब्द म्हणाला, “मनी.” धारवाडकडच्या कानडीत घराला तसं म्हणतात. आमच्या गावात मराठी आणि कानडी या दोन भाषांवरून किती काय होऊन गेलं आहे, किती पाट्या, किती मोर्चे, किती घरांत किती वर्षांची हळहळ. पण त्या वळचणीला तो शब्द मला भाषांतर करून घ्यावा लागला नाही.

तेव्हा मला आमचं छप्पर आठवलं. लहानपणी पाठीवर पडलं की आतून कौलांच्या पोटावरची अक्षरं दिसायची. मी इंग्रजी मुळाक्षरं शिकले ती तिथं, उलटी, मान वाकडी करून. काही कौलांवर बासेल मिशनचं नाव होतं आणि खाली १८६५. मी वाचायचे, अर्थ विचारायचे नाही. मे महिन्यात बाबा घर शाकारायला वर चढायचे आणि मी शिडीवरून एकेक कौल हातात द्यायचे. तळहाताला लागणारी ती तांबडी भुकटी, ती उन्हाची ऊब. आता समजलं ते असं: १८६५ साली बासेल मिशनच्या प्लेब्स्ट नावाच्या जर्मन माणसानं मंगळूरला, नेत्रावतीच्या गाळाच्या मातीतून यंत्रावर कौलं काढायचा पहिला कारखाना काढला. म्हणजे माझ्या बाळपणावरचं छप्पर या माणसांच्या हातून गेलेलं होतं. गुंडर्टांनी शब्द जमवले, किटेलनं शब्द जमवले, आणि तिसऱ्या कुणी माती भाजली. उचगावपासून सात समुद्र दूर आले म्हणून रात्र रात्र उशीत रडत होते, आणि आमच्या घराचं मूळ इथूनच निघालेलं.

आपल्या भाषेत छपरावरचं तेही कौल आणि देव देतो तोही कौलच. त्या क्षणी दोन्ही मला एकदम मिळाले.

पाऊस तासभर राहिला. कुणी बोललं नाही. पागोळ्या वाजत होत्या. तुर्कस्तानच्या मैत्रिणीनं माझा हात धरला होता, का ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

रात्री आईला फोन केला. ती पहिल्यांदा तेच विचारायची, “पाऊस पडायलाय काय गे तिकडं?” त्या दिवशी मी होय म्हटलं, आणि कौलांचा वास आला म्हणून सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “इकडं अजून नाही आला.”

पुढं दोन वर्षांनी आम्ही घरावर स्लॅब घातला. माकडांनी फोडून फोडून कौलं संपवत आणली होती, आणि बाबांना आता वर चढवत नव्हतं. उरलेली कौलं परड्यात, रताळ्याच्या वाफ्याच्या कडेला, रचून ठेवली आहेत. दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी येऊन विकत मागतो. आई देत नाही.