शिमोनाला ऐकू आले ते

लूकच्या शुभवर्तमानातील पाचवा अध्याय पाचूबंदरच्या कोळी बांधवांसमोर वाचताना मी थोडा सावध असतो. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतलेल्या शिमोनाला एक सुतार भर दिवसा पुन्हा जाळे टाकायला सांगतो! एक वृद्ध तांडेल मला हसत म्हणाले होते, “फादर, आमच्या बोटीवर असे कोणी सांगितले असते, तर त्याला किनाऱ्यावर उतरवले असते.”

हा विनोद मला पुष्कळशा भाष्यांहून मोलाचा वाटतो. देवाचे ऐकताना आड येतो तो आपला अनुभव. ग्रीक ‘मेतानोइया’ म्हणजे विचारपालट. आपण त्याला ‘पश्चात्ताप’ म्हणतो आणि डोळे पाणावले की भागले असे समजतो.

शिमोनाचा पालटही एका दिवसाचा नव्हता. पुढे यापो येथे, समुद्रकाठच्या घरी, निषिद्ध अन्न खाण्याविषयीची वाणी त्याला ऐकू आली. तसा दृष्टान्त तीनदा झाला, तरी तो गोंधळलेलाच. कर्नेल्य या परराष्ट्रीय शताधिपतीचा उंबरठा ओलांडल्यावर त्याला उमगले, की प्रश्न अन्नाचा नव्हता, माणसांचा होता.

आपल्या बोटींवरही आता परप्रांतीय खलाशी असतात. दर्यावर आपण त्यांच्याबरोबर एकाच टोपातले जेवतो. किनाऱ्याला लागल्यावर?

प्रवचनात हे विचारले, त्या रविवारी मिस्सानंतर अंगणात फारसे कोणी रेंगाळले नाही. तांडेल मात्र थांबले. नाताळला दोघा खलाशांना घरी पंगतीला बसवले तर आई काय म्हणेल, हीच त्यांना चिंता.

“तिलाच विचारा,” मी म्हणालो.