मुंबईत अकरा जणांचा दस्तरखान

मुंबईची सहल ठरली की घरात पहिली यादी तयार होते ती पाहण्याच्या ठिकाणांची. गेटवे, राणीची बाग, हाजी अली, मरीन ड्राइव्ह. जेवायचे कुठे, हा विचार मात्र पोटात कावळे ओरडू लागल्यावरच सुरू होतो. दोघे-तिघे असतील तर तेही चालून जाते. पण दादीपासून नातवापर्यंत दहा-बारा माणसे बरोबर असली की हॉटेलच्या दारातच वाद सुरू होतात. त्या वादाचा शेवट ठरलेला असतो. घरातली सर्वांत वयस्कर बाई म्हणते, "तुम्ही खाऊन या, माझ्यासाठी पार्सल आणा."

वर्षभर जिने सगळ्या घराला जेवू घातले, तिने सहलीत लॉजच्या खाटेवर बसून गार झालेली बिर्याणी खायची, हे काही बरोबर नाही. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीत सोलापूरहून आम्ही अकरा जण निघालो, तेव्हा हॉटेले आधीच ठरवून ठेवली. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई, मधुमेह असलेले चाचा, तान्हे बाळ घेऊन आलेली जाऊबाई आणि तिखटाला हात न लावणारी चार मुले असा आमचा कबिला होता. प्रत्येक हॉटेलबाबत तीन प्रश्न विचारायचे ठरले: पायऱ्या किती, हलाल-हरामची खात्री आहे का, आणि गर्दीची वेळ कोणती? चवीचा प्रश्न त्यानंतर.

रात्रीचे जेवण भेंडी बाजारात

सिद्धेश्वर एक्स्प्रेस सकाळी लवकर सीएसएमटीला उतरवते. तिथून क्रॉफर्ड मार्केट आणि मोहम्मद अली रोड जवळच. मुक्काम याच भागात ठेवला की रात्रीच्या जेवणाची चिंता मिटते, आणि बायकांना नमाजसाठी खोलीवर परतणेही सोपे जाते. टॅक्सीवाल्याला मात्र "पुलाखालून घ्या" असे आधीच सांगावे. जे. जे. उड्डाणपूल मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून जातो. एकदा गाडी पुलावर चढली की मिनारा मशीद खाली राहते आणि आपण थेट जे. जे. रुग्णालयापाशी उतरतो. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चारच माणसे बसतात, तेव्हा ही सूचना तिन्ही टॅक्सींना द्यावी लागते.

या भागात खाण्याची चंगळ आहे. १९२३ पासून चालू असलेले नूर मोहम्मदी नल्ली निहारीसाठी प्रसिद्ध आहे. बोहरी मोहल्ल्यात बारा हंडी मिळते. पाये, नल्ली असे प्रकार वेगवेगळ्या हंड्यांत रात्रभर मंद आचेवर शिजतात आणि लांब पावाबरोबर खातात. मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडे मातीच्या बशीतली फिरनी मिळते. हे दुकान १९३६ चे. पण निहारी आणि पाये जड असतात. घरच्या सवयीने माणशी एक प्लेट मागवली तर अर्धे वाया जाते. आम्ही चार जणांत दोन प्लेटी सांगत होतो, शिवाय मुलांसाठी साधा तंदुरी चिकन आणि रोटी. फिरनीच्या वेळी चाचांच्या हातात मुकाट्याने भाजलेल्या शेंगांची पुडी दिली.

इथली खरी अडचण पायऱ्यांची. अनेक जुन्या हॉटेलांत खाली पुरुष बसतात आणि 'फॅमिली रूम' माळ्यावर असते. जिना अरुंद आणि उभा. अशाच एका हॉटेलात पोऱ्याने वर बोट दाखवले, "फॅमिली ऊपर." सासूबाईंनी जिना पाहिला आणि त्यांच्या ओठांवर पार्सलची गोष्ट आलीच. दीर गल्ल्यावर गेले, मालकांना सलाम केला आणि म्हणाले, "अम्मी चढ नहीं सकतीं, नीचे कोने में दो टेबल जोड़ देंगे क्या?" मालकांनी स्वतः उठून टेबले जोडून दिली. मागितले म्हणून मिळाले. अर्थात तेव्हा संध्याकाळचे सातच वाजले होते. नऊ वाजता, रांग लागलेली असताना, हेच मागणे त्यांना पुरवता आले नसते. म्हणून मोठ्या कुटुंबाने मगरिबच्या नमाजनंतर लगेच जेवायला बसावे. जुम्याच्या दिवशी दुपारी आणि रमजानच्या रात्री या गल्ल्यांत वृद्धांना घेऊन फिरणे अवघडच.

दुपारचे जेवण शाकाहारी

कुलाबा, दादर, जुहूकडे फिरताना दुसरा प्रश्न पुढे येतो. पाटीवर 'परमिट रूम' किंवा 'बार' लिहिलेले असेल तर आपण वळत नाही. जिथे तसे नसेल, तिथे गल्ल्यावर सरळ विचारावे, "गोश्त हलाल आहे का?" यात लाजण्यासारखे काही नाही. दुकानदाराला या प्रश्नाची सवय असते. उत्तर देताना तो घुटमळला तर हुज्जत न घालता शाकाहारी हॉटेल शोधावे.

शाकाहारी जेवण म्हणजे सहलीत शिक्षा, असे आपल्या मुलांना वाटते. माटुंग्यात ही समजूत गळून पडते. किंग्ज सर्कलजवळचे कॅफे मद्रास १९४० पासून इडली-डोसे खाऊ घालत आहे. रविवारी तिथे बाहेर नावे लिहून थांबावे लागते, म्हणून आम्ही आडवारी गेलो. तिखट न खाणारी चारही मुले इडलीवर खूश, चाचांना नाचणीचा डोसा. माटुंगा स्टेशनजवळचे रामा नायक यांचे उडुपी १९४२ चे, केळीच्या पानावर जेवण वाढणारे. पण ते पहिल्या मजल्यावर आहे, म्हणून यादीतून गाळले. दादरच्या आस्वादमध्ये मिसळ, थालीपीठ मिळते, पण आमच्या सोलापूरकरांनी मुंबईत येऊन थालीपीठ खायला साफ नकार दिला!

हाजी अलीला जाताना आधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी, कारण भरतीत दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. त्या वेळेनुसार जेवण पुढे-मागे करावे. लहान मुलांसाठी केळी आणि बिस्किटे पिशवीत असू द्यावीत. भुकेले मूल कुठलेच हॉटेल नीट निवडू देत नाही.

आणखी एक. ऑर्डर एकानेच द्यावी, पण बायकांना विचारून. घरी त्या सगळ्यांना वाढून शेवटी बसतात. हॉटेलात तरी पहिली प्लेट त्यांच्यापुढे यावी.

आमच्या यादीतली दोन-तीन नामांकित ठिकाणे या सहलीत राहून गेली. मुलांनी कुरकूर केली. त्यांना मी एवढेच सांगितले की हॉटेले कुठे जात नाहीत, पुढच्या वेळी इन्शाअल्लाह तिथे जाऊ. दादी मात्र पंचाहत्तरीच्या आहेत. तीन दिवसांत सहा वेळा आम्ही बाहेर जेवलो. सहाही वेळा अकरा जण एकत्र बसलो, आणि पार्सल एकदाही आणावे लागले नाही.