आजच्यापुरतं

एकतीस डिसेंबरच्या रात्री अकरा वाजता चर्चमध्ये बसायला जागा मिळत नाही. उशिरा आलेले भिंतीला टेकून उभे राहतात, लहान मुलं आईच्या शालीत झोपून जातात. सरत्या वर्षाची शेवटची प्रार्थना होते, बाराचे ठोके पडतात, सगळे एकमेकांचे हात हातात घेतात आणि मग ताटातल्या चिठ्ठ्यांमधून जो तो आपलं वर्षाचं वचन उचलतो. कुणाच्या वाट्याला यशया येतो, कुणाच्या वाट्याला स्तोत्र. थंडीत घराकडे चालताना पुष्कळांच्या मनात एकच बेत घोळत असतो: यंदा पवित्र शास्त्र उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सबंध वाचायचं.

सुरुवात झोकात होते. अंथरुणातून निघवत नाही, तरी माणूस उठतो. आदाम, नोहा, अब्राहाम भराभर भेटत जातात. एसाव आणि याकोबाचं भांडण आपल्याच भावकीतलं वाटतं. योसेफाची गोष्ट तर ठरल्यापेक्षा जास्तच वाचून होते. मग हिशेब आडवा येतो. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. या चालीनं २३ जानेवारीच्या सुमारास वाचक सीनाय डोंगराशी पोहोचतो आणि तिथं निवासमंडपाची मापं सुरू होतात. कराराचा कोश अडीच हात लांब, दीड हात रुंद. मग पडदे, कड्या, खुंट्या. अठ्ठावीस तारखेला लेवीय उघडतो: होमार्पण, अन्नार्पण, चरबी, गुरदे. तेवढ्यात घरात लग्न निघतं, मुलांच्या परीक्षा जवळ येतात, एक सकाळ हुकते. दुसऱ्या दिवशी साडेसहा अध्याय अंगावर असतात, तिसऱ्या दिवशी पावणेदहा. चौथ्या दिवशी पुस्तक उशाशीच असतं, पण मिटलेलं.

यात त्या माणसाची श्रद्धा उणी पडली असं मला वाटत नाही. बेतच भलत्या मापाचा होता. ग्रंथ वाचायच्या दोन चाली आपल्या मुलखात जुन्या आहेत. एक पारायणाची. सात दिवसांत ज्ञानेश्वरी पुरी होते, पण त्या सात दिवसांमागे सगळं गाव उभं असतं. मांडव असतो, विणेकऱ्याच्या पाळ्या ठरतात, पंगती उठतात, घरची कामं आठवडाभर बाजूला राहतात. दुसरी चाल नित्यनेमाची. तिच्यामागे मांडव नसतो. दिवेलागणीला हात-पाय धुऊन घरातलं एखादं माणूस हरिपाठ म्हणतं, आणि मग चूल पेटते. दोन्ही चाली आपापल्या जागी खऱ्या. बिघडतं ते पारायणाचं ओझं नित्यनेमाच्या खांद्यावर दिलं की. वर्षभराचं वाचन हे लांबवलेलं पारायणच आहे, आणि त्याला गाव मात्र नाही.

या दोन्ही चाली पंडिता रमाबाईंनी लहानपणी पाहिल्या होत्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. सारं कुटुंब तीर्थोतीर्थी फिरून पुराणं वाचत असे. पण रमाबाईंचा स्वतःचा पाठ वेगळ्या वेळी होई. आईला दिवसभर संसार आणि कामं, म्हणून ती या लेकीला पहाटे उठवी. झोपेनं जडावलेल्या मुलीला गोंजारून जागं करी, आणि रानातली पाखरं बोलू लागण्याच्या वेळी तोंडी पाठ देई. हाती पुस्तकही नसे. एवढ्या धबडग्यातल्या बाईनं शिकवायला दिवस मागितला नाही. जी घटका खरोखर आपल्या हातात होती, तेवढीच घेतली. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये याच रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध बायबल उतरवायला बसल्या आणि कित्येक वर्षं ते काम करत राहिल्या. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं. मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून ते छापलं गेलं.

थोडं थोडं वाचणं ही आजच्या माणसाची पळवाट आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टकडे पाठवावं. इटलीतल्या या मठाधिपतीनं आपल्या भिक्षूंना दीडशे स्तोत्रं आठवड्यात म्हणायला सांगितली. पूर्वीचे साधू हीच स्तोत्रं एका दिवसात म्हणत, हे त्याला ठाऊक होतं. नियमावलीत त्यानं तसं लिहूनही ठेवलं. तरी त्यानं समोरच्या माणसांकडे बघून माप ठरवलं. यहुद्यांची रीतही तशीच. तोराच्या पाच पुस्तकांत १८७ अध्याय, आणि ते वाचायला ते पुरतं वर्ष घेतात, दर शब्बाथाला एकेक भाग. कोकणातल्या बेने इस्राएल लोकांच्या सिनेगॉगमध्येही हीच चाल. अनुवाद हे पाचवं पुस्तक संपलं की त्याच दिवशी उत्पत्तीची सुरुवात होते, म्हणजे संपवल्याचा दिमाख मिरवायला मधे एक रात्रही मिळत नाही. वसईच्या चर्चमध्ये रविवारी जे पाठ वाचतात, त्यांचा फेराही तीन वर्षांचा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६९ मध्ये, कॅथलिक चर्चनं तो ठरवला. शेकडो वर्षं वाचत आलेल्या समाजांनी स्वतःला एवढी सवड दिली आहे. जानेवारीतला एकटा माणूस तेवढा स्वतःला ती देत नाही.

वर्षात सबंध बायबल हा बेत आज जगभर ज्याच्या नावानं चालतो, तो रॉबर्ट मरे मॅकशेन स्कॉटलंडमधल्या डंडीचा तरुण पाळक. १८४२ च्या डिसेंबरअखेरीस त्यानं आपल्या मंडळीसाठी एक वेळापत्रक काढलं. जुना करार वर्षातून एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा; रोज साधारण चार अध्याय. त्या वेळापत्रकाबरोबर त्यानं लिहिलेले धोके मात्र फारसं कुणी वाचत नाही. वाचन नुसता उपचार होईल, वाचणाऱ्याला आपल्या धार्मिकपणाचा गर्व होईल, डोळे पुढं धावतील आणि मन मागं राहील, आणि काहींच्या मानेवर हे न पेलणारं जू होईल, असं त्यानंच बजावलं होतं. वेळापत्रक सुरू होऊन तीन महिने व्हायच्या आत, १८४३ च्या मार्चमध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तो वारला. आपल्या वेळापत्रकाचं पहिलं वर्षही त्याला पुरं करता आलं नाही. म्हणून त्याचं वाचन अपुरं होतं, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

मग माप कोणतं घ्यावं? नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस एकेक अध्याय घेतला तर ५२ आठवड्यांत तो बरोबर पुरा होतो, आणि शनिवार-रविवार मोकळे राहतात: पाहुण्यांसाठी, बाजारासाठी, चुकलेल्या सकाळींसाठी. स्तोत्र ११९ सगळ्यांत लांब, १७६ वचनांचं. पण ते मुळातच आठ-आठ वचनांच्या बावीस कडव्यांत बांधलेलं आहे, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमानं. रोज एक कडवं घेतलं की तीन आठवडे आणि एक दिवस त्याच्या सोबतीत जातात. मला सगळ्यांत आवडतात ती नीतिसूत्रे. अध्याय एकतीस, म्हणून आजची तारीख तोच आजचा अध्याय. नऊ तारीख हुकली तर दहा तारखेला दहावा उघडायचा. नववा पुढच्या महिन्यात आपणहून परत येतो. या वाचनात थकबाकी नावाची गोष्टच नाही.

थकबाकीनंच तर घात होतो. हुकलेला दिवस त्रास देत नाही. हुकलेला दिवस भरून काढायचा हट्ट त्रास देतो. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात रानातल्या लोकांना मान्ना मिळतो तो रोजच्यापुरताच, माणशी एक ओमर. काहींनी उद्यासाठी राखून ठेवला, तर त्यात किडे पडले. सहाव्या दिवशी तेवढा दुप्पट, कारण सातवा विसाव्याचा. कालचा वेचायला मागं जा, असं तिथं कुणालाही सांगितलेलं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय लावून बारा आठवडे पाहिलं. २०१० मध्ये तो अभ्यास छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, कुणाला १८ तर कुणाला २५४, असा त्यांचा हिशेब निघाला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हेही दिसलं. सवय लागते ती ठरलेल्या खुणेला बांधल्यामुळं: चहा झाला की, दिवा लावला की, गाडीत बसायला मिळालं की.

गाडीत वाचणं कमी प्रतीचं मानायचं कारण नाही. प्रेषितांच्या कृत्यांतला इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमहून परतताना रथात बसून यशया वाचत होता, आणि तोही मोठ्यानं, म्हणून तर फिलिप्पाला तो ऐकू गेला. विरार लोकलमध्ये खिडकीशी मोबाइलवर अर्धा अध्याय वाचणारी बाई त्याच्याच पंगतीतली. त्या खजिनदाराकडून आणखी एक शिकावं. वाचलेलं कळतंय का, असं विचारल्यावर त्यानं शहाणपणाचा आव आणला नाही. कुणी समजावल्याशिवाय कसं कळणार, असं सरळ सांगून त्या माणसाला रथात घेतलं. आठवड्यातून एकदा पाळकांना, शेजारच्या जाणत्या आजोबांना, नाहीतर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या ‘सुबोध बायबल’ला असंच शेजारी बसवावं.

माझी आजी रात्री जेवणं आटपली की वाचायची. बोट ओळीखाली, ओठ हलते, मोठं नाव आलं की अक्षरं जोडत थांबायची. नबुखद्नेस्सर तिला कधीच एका दमात आला नाही. कधी दहा वचनं होत, कधी तीन. बायबल किती वेळा वाचून झालं, असं विचारलं तर प्रश्नच कळला नसल्यासारखी बघायची. पण रूथ आणि नामी तिच्या बोलण्यात अशा यायच्या की त्या शेजारच्या वाड्यात राहतात, असं आम्हा पोरांना वाटे.

रुक्ष पानांचं काय करायचं, हा प्रश्न उरतो. माझा अनुभव असा की सावकाश गेलं तर ती तितकी रुक्ष उरत नाहीत. घाईत नुसती मापं वाटणारा तो कोश बाभळीच्या लाकडाचा आहे. आमच्या नगरकडच्या माळावर दुसरं उगवत नाही तिथं बाभूळ उगवते. नांगराला, औताला, गाडीच्या चाकाला तीच. देवाच्या करारासाठी रानातलं तेच चिवट, काटेरी झाड चालतं, हे सव्वातीन अध्यायांच्या धावपळीत दिसत नाही. आणि काही पानं तरीही बंद राहिली तर राहू द्यावीत. ती कुठं जात नाहीत. लेवीय दहा वर्षांनी वाचला तरी चालतो.

नारायण वामन टिळकांना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं नवा करार दिला, तेव्हा त्यांनी वाचायचं वचन दिलं, म्हणूनच पुस्तक उघडलं. सवयीप्रमाणं पेन्सिल घेऊन खुणा करत पहिल्या पानापासून निघाले. मत्तयाचं पहिलं पान म्हणजे वंशावळी, नावांमागून नावं. पाचव्या अध्यायात डोंगरावरचं प्रवचन लागलं आणि पुस्तक हातातून ठेववेना. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. ओढ आधी नव्हती. दिलेला शब्द आणि हातातली पेन्सिल एवढंच होतं. ओढ वाटेत भेटली.

तेव्हा नव्या वर्षाची वाट पाहू नका. आज जी तारीख असेल ती चालेल. मार्काचं शुभवर्तमान घ्या, चारांत ते सर्वांत लहान, सोळाच अध्याय. पहिल्या अध्यायात ४५ वचनं आहेत. त्यातली पंधरा आज वाचा, मोठ्यानं, आणि एकाखाली पेन्सिलीची रेघ ओढा. उद्या जमलं तर पुढची पंधरा. उद्या नाही जमलं, तर परवा तीच पंधरा, दुप्पट नव्हे.