हत्ती नसलेल्या गुहा

आमच्या हाटकेशला रिक्षानं यायचं तर नुसतं ठिकाण सांगून भागत नाही. ‘उद्योगनगरात की बिल्डिंगींकडे?’ असा प्रश्न येतोच. हे शंकराचं नाव आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. भागवतात वितल नावाच्या पाताळात हाटकेश्वर राहतो आणि हाटक म्हणजे सोनं, हे अण्णा घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतात. पाहुणा तेवढ्यावर सुटला नाही, तर दुसरी माहिती तयार असते. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला समुद्र. आपण सगळे साष्टी बेटावरची माणसं. त्यामुळे 2023 च्या जानेवारीत माझ्या मुलीनं ‘या वर्षी आपण बेटावर जाऊ’ असं जाहीर केलं, तेव्हा अण्णा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, “मग आत्ता कुठं आहोत?”

तिला बाली म्हणायचं होतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तिकडचं हॉटेल बरंच स्वस्तात मिळत होतं, म्हणून ती खूश होती. स्वस्ताईचं कारण आम्हाला तिथं पोचल्यावर कळलं.

माझी पहिली बेटाची सहल 1987 च्या मे महिन्यातली, घारापुरीची. तेव्हा आम्ही भाईंदर पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. खिडकीतून मिठागरं दिसायची. पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी जायचं, असा अण्णांचा हुकूम. ते फोर्टात कारकून होते, त्यांचा चर्चगेटपर्यंतचा पास होता. म्हणजे तिकिटं आजी, आई, मी आणि धाकटी, एवढ्यांचीच. धाकटीचं अर्धं. पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी, लसणाची चटणी आणि पाण्याची कळशी. हो, कळशी. तोंडाला फडकं बांधून ती भाईंदरपासून गेटवेपर्यंत आणि तिथून लाँचमधून तासभर आईच्या मांडीवर गेली. बालीच्या विमानात चढण्याआधी माझ्या बायकोची अर्धी बाटली पाणी सुरक्षा तपासणीत ओतून द्यावी लागली, तेव्हा मला ती कळशी आठवली.

घारापुरीला धक्क्यापासून गुंफांपर्यंत शंभरावर पायऱ्या. वाटेत कैऱ्या आणि काकड्या विकणाऱ्या बायका, आणि माणसांपेक्षा धीट माकडं. श्रीमंतांसाठी डोलीची खुर्ची होती. आजीसाठी ती करावी का, यावर अण्णा आणि आई बाजूला जाऊन कुजबुजले. तोवर आजी वीस पायऱ्या चढून गेली होती.

आत गेल्यावर मी विचारलं, हत्ती कुठाय? पोर्तुगिजांनी दगडी हत्ती पाहून बेटाला एलिफंटा नाव दिलं खरं. पण तो हत्ती इंग्रजांनी 1864 मध्ये विलायतेला न्यायला काढला, उचलताना तो मोडला आणि शेवटी भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. “म्हणजे नाव इथं नि हत्ती भायखळ्याला,” आजी म्हणाली, “आपल्या रेशनकार्डासारखं.” आमचं कार्ड तेव्हाही गिरगावच्या पत्त्यावर होतं.

त्या सहलीतलं मला खरोखर आठवतं ते वेगळंच. तीन मुखांच्या त्या प्रचंड महेशमूर्तीपुढे आम्ही सगळे गप्प उभे होतो. मी हात जोडले. अण्णांनी माझे हात हलकेच खाली केले. खंडित मूर्तीची पूजा करत नाहीत, हे बघायचं असतं. पोर्तुगीज शिपायांनी इथं नेमबाजी केली, असं गाईड दुसऱ्या घोळक्याला सांगत होता. आम्ही फुकटात ऐकत होतो. आजीनं मात्र चार दारांच्या गाभाऱ्यातल्या पिंडीपाशी जाऊन कनवटीचं चाफ्याचं फूल काढून ठेवलं. भाईंदरच्या अंगणातलं, घामानं तपकिरी झालेलं. रखवालदार बघत होता, पण काही बोलला नाही. अण्णांकडे शेजाऱ्यांचा अ‍ॅग्फा क्लिक थ्री होता, रोलमध्ये 12 फोटो. आजीचा तो फोटो त्यांनी काढला नाही. रोल महेशमूर्तीसाठी राखून ठेवला होता. धुऊन आल्यावर आतले सगळे फोटो काळे निघाले. त्याच वर्षाअखेरीस युनेस्कोनं घारापुरीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बेटावर वीज मात्र पोचली 2018 मध्ये, समुद्राखालच्या केबलमधून.

बालीत आम्ही पहिल्याच दिवशी ‘गोआ गजा’ बघायला गेलो. नाव वाचून अण्णांचे डोळे चमकले. “गुहा गज! अरे, पुन्हा एलिफंटाच!” उबुदजवळच्या बेडुलू गावातली ही हजारेक वर्षांपूर्वीची गुहा, दार म्हणजे एका राक्षसी चेहऱ्याचा उघडा जबडा. बालीत हत्ती मुळातले नव्हतेच. आत डावीकडे गणपती आणि उजवीकडे तीन लिंगं, आणि सगळं धुरानं काळवंडलेलं, ओलं. गुडघे झाकायला कमरेला सारोंग गुंडाळावा लागतो. मुलीनं मोबाईलवर बघून तो नेसवायला घेतला, तेव्हा अण्णांनी तिचा हात बाजूला सारून लुंगी नेसल्यासारखा एका झटक्यात नेसला. साठ वर्षांची सवय.

लिंगांपुढे नारळाच्या पानांच्या छोट्या चौकोनी ताटल्या होत्या: फुलं, चार शितं भात, उदबत्ती. त्यांना चानांग म्हणतात. दुकानाच्या उंबऱ्यावर, स्कूटरच्या सीटवर, फुटपाथच्या मध्यावर, सगळीकडे रोज ताज्या. भात कुत्री खातात. कुणी हाकलत नाही. इथल्या ताटलीतही चाफा होता. अण्णा बराच वेळ तिथं उभे होते. मग त्यांनी हात जोडले. मी काही बोललो नाही. मुलगी तोवर त्यांचे चाळीसेक फोटो काढून मोकळी झाली होती. ते कुठल्या फोल्डरमध्ये आहेत, हे आज तिलाही सांगता येत नाही. काळे निघालेले तीन फोटो मात्र अजून आमच्या पत्र्याच्या पेटीत आहेत.

स्वस्त हॉटेलचं कारण दोन दिवसांनी उलगडलं. 22 मार्चला ‘न्येपी’ होता, बालीचं नववर्ष. आदल्या संध्याकाळी रस्त्यावर कागदाचे अक्राळविक्राळ राक्षस नाचवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून चोवीस तास अख्खं बेट गप्प. दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा बंद. मोबाईलचं इंटरनेट बंद. चौकटीचं कापड नेसलेले पहारेकरी सोडले, तर रस्त्यावर माणूस नाही. हॉटेलनं पडदे ओढून घ्यायला सांगितलं. मुलगी पार उखडली. अण्णांनी बॅगेतून कालनिर्णय काढलं (ते परदेशातही नेतात), मग स्वागतकक्षातलं पत्रक काढलं आणि दोन्ही तिच्यापुढे ठेवली. आमचा शके 1945. त्यांचाही शक 1945. आज गुढीपाडवा.

आम्ही कुणीच तिथी बघून तिकिटं काढली नव्हती.

गुढी उभारायचीच, असं बायकोनं ठरवलं. काठी? अण्णांची चालायची काठी. वस्त्र? गोआ गजाहून विकत आणलेला सारोंग. तांब्याच्या जागी हॉटेलचा स्टीलचा पेला, माळ हॉटेलच्या बागेत पडलेल्या चाफ्याची. कडुनिंब आणि गाठी नाहीत, त्यावर अण्णांची नाराजी. आम्ही ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात खुर्चीला बांधली. सकाळी झाडायला आलेल्या माणसानं ती बघितली, हात जोडून ‘ओम स्वस्त्यस्तु’ म्हणाला आणि आवाज न करता निघून गेला.

काठी गुढीत गुंतल्यामुळे दिवसभर अण्णा माझ्या खांद्याला धरून चालले. 1987 मध्ये धाकटीला त्यांनी घारापुरीच्या अर्ध्या पायऱ्या खांद्यावरून नेली होती. बोट घट्ट धरायचा त्यांचा हिसका तोच होता, फक्त आता वजन माझ्याकडे होतं. त्यांना नेताना मीच चिडचिड करत होतो, हेही सांगायला हवं. दर तासाला बाथरूम.

सूर्य बुडाला आणि बेट खरोखरच काळं झालं. चाळीस लाखांहून जास्त वस्तीचं बेट, आणि एक दिवा नाही. व्हरांड्यात बसलो तर आभाळ चांदण्यांनी भरून आलेलं. हाटकेशला आमच्या गच्चीतून तीन-चार चांदण्या दिसल्या तरी मुलगी ते विमान असेल म्हणते.

“भाईंदरला असंच दिसायचं,” अण्णा अंधारातून म्हणाले. “लाइट गेले की आजी तुम्हाला मिठागरावर नेऊन बसवायची. डास केवढे असायचे!”

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“गुढी उतरवली का रे? उतरव आता. मला काठी लागेल.”

मी चाचपडत उठलो. गाठ बायकोनं मारली होती, सुटता सुटेना.