घोडे नव्हते, म्हणून सायकली

पहूरमध्ये आमच्याकडे एक गोष्ट फुकट होती, जिच्यासाठी मुंबईचे निर्माते बक्कळ पैसे मोजतील. आगगाडी. पाचोरा ते जामनेर धावणारी छोट्या रुळांची गाडी, जिला अख्खा तालुका 'पीजे' म्हणायचा. ती इतकी सावकाश जायची की तिच्यावर विनोद करणं हा गावाचा फावल्या वेळचा उद्योग होता.

२०१९च्या दिवाळीत मी आणि माझ्या शाळेतल्या मित्राने ठरवलं, की पीजेवर शॉर्टफिल्म करायची. त्याची आजी बरीच वर्षं याच गाडीत भाजलेल्या शेंगा विकत आली होती. गोष्ट तिचीच, भूमिकाही तिचीच. मित्र गावातच लग्नांचं शूटिंग करतो. तो म्हणाला, "भो, उद्या सकाळच्या गाडीनंच सुरू करू. मोबाईल आहे ना!"

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर. मी म्हणालो, आधी पटकथा पक्की करू. चांगला कॅमेरा घेऊ. साउंडचं काय? मी एक एक्सेल शीट बनवली. कामांची यादी, खर्च, तारखा. शूटिंगची तारीख पडली एप्रिल २०२०.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, पीजे थांबली. ती पुन्हा सुरू झालीच नाही. मोठ्या रुळांचं काम निघालं आणि आमची गाडी संपली. माझी एक्सेल शीट अजून आहे.

गेल्या वर्षी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' पाहिला तेव्हा ही शीट आठवली. रीमा कागतीचा हा सिनेमा २०२४मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २०२५च्या फेब्रुवारीत आपल्याकडे आला. तो ज्याच्यावर आहे तो नासिर शेख आमच्या खानदेशाला लागूनच असलेल्या मालेगावचा. सिनेमा संपल्यावर मी त्याच रात्री फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा २००८चा माहितीपटही शोधून पाहिला. त्यात खरा नासिर आहे.

हा माणूस कुठल्याही फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये गेला नाही. व्हिडिओ पार्लर चालवायचा, लग्नांचं शूटिंग करायचा. रोज लोकांना सिनेमे दाखवता दाखवता शॉट कुठे कापतात ते त्याला कळलं. मग त्याने 'मालेगाव के शोले' काढला. कलाकार गावातलेच, बरेचसे यंत्रमागावर राबणारे. डाकूंना घोडे कुठून आणणार? त्याने त्यांना सायकलींवर बसवलं. लोक हसले, आणि पार्लरमध्ये गर्दी झाली.

माहितीपटात तो सुपरमॅन बनवतोय. क्रेन नाही, तर बैलगाडी आहे. ट्रॉली नाही, तर सायकल आहे. उडणारा सुपरमॅन हिरव्या कापडासमोर आडवा लटकवलाय. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो. तेवढा एकच कॅमेरा! मी असतो तर तिथे प्रोजेक्ट बंद केला असता. नासिर तो दुरुस्त करून आणतो आणि पुढचा शॉट लावतो.

पण हे पाहून 'जिद्द असली की सगळं जमतं' असलं काही लिहायचा मला धीर होत नाही. सुपरमॅन झालेला शफीक शेख यंत्रमाग कामगार होता. २०११मध्ये तोंडाच्या कर्करोगाने तो गेला. माहितीपट थिएटरमध्ये लागला २०१२मध्ये. ज्या गावात माणसं मागाच्या धुळीत आणि खडखडाटात दिवस काढतात, तिथे जुगाड ही गंमत नसते. दुसरा मार्गच नसतो. माझ्यासारख्याने पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून त्याचं कौतुक करणं सोपं आहे.

मला खरं टोचलं ते वेगळंच. नासिरकडे नसलेल्या गोष्टींची यादी माझ्या यादीपेक्षा कितीतरी लांब होती. फरक एवढाच, की त्याने ती यादी केली नाही. आणि माझ्याकडे तर खरी गाडी होती.

या दिवाळीत मित्राला म्हणालो, "करायची का?"

"गाडी कुठंय आता?"

"शोलेत घोडे कुठं होते?"

तो हसला. मग वाघूरच्या काठी त्याच्या काकांच्या शेतात आम्ही एक लाकडी बाक ठेवला. आजीला टोपली घेऊन बसवलं. दोन भाचे खाली वाकून बाक हलवत होते, तिसरा तोंडाने शिट्टी मारत होता. मित्राने मोबाईल धरला, मी माईक. आजीने दोन मिनिटं आमच्याकडे संशयाने पाहिलं. "इतकी जोरात नाही रे चालायची ती," ती भाच्यांना म्हणाली, "हळू हलवा." आणि मग समोर कोणीच नसताना तिने शेंगांची हाळी दिली. माईकवर माझा हात थरथरतोय, ते रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं.

एकूण अकरा मिनिटांचं फुटेज आहे. एडिटिंग माझ्याकडे आहे. तीन आठवडे झाले. काल मित्राचा मेसेज आला, 'आजी विचारतेय, गाडी कुठवर आली?'

रंग थोडे सुधारायचे होते. राहू देत. रविवारी पाठवतोय.