पथ्य एकीचें, पंगत सर्वांची

पुणें-सोलापूर रस्त्यावरील भांडगांव हें आमचें गांव. दौंड तालुक्यांत मुठेच्या कालव्याचें पाणी खेळूं लागलें तसा ऊंस वाढला, गुऱ्हाळें वाढलीं. आणि घरोघरच्या ताटांत बाजरीच्या भाकरीची जागा पोळीनें व गोड चहा-बिस्किटांनीं घेतली.

सासूबाईंस संधिवात आहे. सकाळीं बोटें इतकीं सुजत कीं पोथीचें पान उलटतां येईना. डॉक्टरांनीं औषधाबरोबर आहारही पालटावयास सांगितला. परंतु १२ माणसांच्या घरांत एकीचेंच पथ्य म्हणजे तिला पंक्तींतून उठविणेंच! तेव्हां पालट सर्वांच्याच ताटांत करावा, पण सावकाश, असें जाऊबाईंनीं व मीं ठरविलें.

पहिल्या महिन्यांत चहाची साखर निम्मी झाली. वरून घातलेली साखर दिवसास २५ ग्रॅमच्या, म्हणजे सुमारें ६ लहान चमच्यांच्या आंत असणें अधिक हिताचें, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलें आहे. तींत गूळही धरावयाचा, हें ऐकून मामंजी क्षणभर गप्पच झाले! दुसऱ्या महिन्यांत रात्रीं भाकरी आली. तिसऱ्यांत तळणाच्या जागीं उसळ, पालेभाजी व जवसाची चटणी. सणाची पुरणपोळी मात्र राहिली.

आहार हें औषध नव्हे. औषध चालूंच आहे. तरी सकाळची सूज आतां लवकर ओसरते. शिवाय आम्हांस नीट थापतां न येणारी भाकरी सासूबाईंनीं शेजारीं बसून शिकविली. ज्यांच्यासाठीं पथ्य, त्याच त्याच्या गुरु झाल्या. म्हणूनच तें आमच्या घरांत टिकलें.